शिपायाच्या बायकोचा रिपोर्ट

मरण समोर येऊन उभं राहिलं, की आयुष्यातलं फालतू ते सगळं गळून पडतं आणि खरोखर महत्त्वाचं तेवढंच शिल्लक राहतं. हे मी इतक्या पुस्तकांत वाचलं होतं, की त्यावर शंका घ्यायचं कधी सुचलं नाही. माझ्या बाबतीत गळून पडला तो फक्त डावा स्तन. फालतू होतं ते सगळं जागच्या जागी राहिलं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा पहिला विचार आला तो असा, की आठवी ब च्या चाचणीचे पेपर टेबलावर उघडे राहिलेत आणि त्यांच्यावर शेजारचं मांजर बसत असणार.

साल शहाण्णव, महिना डिसेंबर. मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि पंचवटीतल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. नवरा पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. एकुलती एक मुलगी नववीत. आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका कॉलनीत राहायचो आणि तिथे माझी ओळख इंग्रजी वाचून देणाऱ्या बाई अशी होती. कोणाला विम्याचं पत्र येई, कोणाच्या मुलाला नेमणुकीचं, कोणाच्या सासऱ्याच्या छातीच्या फोटोचा रिपोर्ट. कागद आधी माझ्या दारात यायचा आणि मग जिथे जायचा तिथे जायचा. त्याबद्दल कोणी कोथिंबिरीची जुडी देई, कोणी नुसतं 'बाई, तुमच्यामुळे कळलं' म्हणे. म्हणजे वाईट बातमी सगळ्यांच्या आधी कळण्याची मला सवय होती. फक्त ती दुसऱ्याची असायची.

गाठ लागली ती दिवाळीत, अभ्यंगस्नानाला उटणं चोळताना. उटण्याचा हा उपयोग पुडीवर लिहिलेला नसतो. मी भाऊबीज होऊ दिली, शाळा उघडू दिली, आणि मग डॉक्टरांकडे गेले. सुई घालून तपासणी झाली. सर्जन म्हणाले, "गाठ वाईट आहे हे नक्की. किती वाईट, ते काढल्यावर कळेल. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या तर पुष्कळ वर्षं काढाल. नसल्या तर..." पुढचं वाक्य त्यांनी आमच्यावर सोडलं, रिकाम्या जागा भरा म्हणून. त्या दिवसापासून मी मनात एकच हिशेब करत होते: नववी, दहावी, अकरावी, बारावी.

काढलेला भाग तपासायला लॅबमध्ये न्यावा लागतो, आणि तो नातेवाइकांनीच न्यायचा असतो. निदान तेव्हा आमच्याकडे तशीच पद्धत होती. ऑपरेशन थिएटरचं दार उघडून नर्स बाहेर आली आणि तिने माझ्या नवऱ्याच्या हातात झाकणाची प्लास्टिकची बरणी ठेवली. "उलटी करू नका. झाकण उघडू नका. कॅनडा कॉर्नरच्या लॅबमध्ये पाचच्या आत पोहोचवा." यांनी पोच मागितली. नर्स म्हणाली, कशाची पोच?

बरणी यांनी कापडी पिशवीत घातली. पिशवीवर एका साडीच्या दुकानाची जाहिरात होती: लग्नाच्या बस्त्याचे खात्रीचे ठिकाण. ती स्कूटरच्या हूकला अडकवून हे निघाले. वाटेत सिग्नलला खात्यातले एक निवृत्त गृहस्थ भेटले.

"काय हो, बरणी घेऊन कुठे?"

यांना सुचेना. "मुरांबा आहे," म्हणाले.

"आवळ्याचा?"

"हो."

"मिसेसनी केलाय?"

"हो, म्हणजे... त्यांचाच आहे."

"वा! त्यांच्या हाताला चव आहे हं. आम्हाला आठवण ठेवा."

हा सगळा संवाद यांनी मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, खुर्चीवर ताठ बसून, अहवाल सादर करावा तसा सांगितला. मी हसले. टाके ताणले गेल्यामुळे ते हसू अर्ध्यात थांबवावं लागलं. हे हसले नाहीत. बावीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने एक खोटी रजा घेतली नव्हती. मुरांबा हे त्यांचं पहिलं खोटं. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांचा हात बराच बसला.

दवाखान्यात मी सहा दिवस होते. काखेतून एक नळी काढून बाटलीला जोडली होती. तिच्यात जमेल ते पाणी रोज मोजायचं, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर यांनी वही आणली, रकाने आखले: तारीख, वेळ, मिलिलिटर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या दिवशी 'लाल', दुसऱ्या दिवशी 'लालसर', चौथ्या दिवशी 'समाधानकारक'. सर्जन सकाळी यायचे आणि पलंगाच्या एका बाजूला उभं राहून दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या यांच्याशी बोलायचे. मी मध्ये. "पेशंटला टेन्शन येईल असं काही सांगू नका. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील. आला की तुम्ही एकटेच या." पेशंट ते ऐकत असायची.

आमचे मुख्याध्यापकही आले, दोन शिक्षक आणि एक श्रीफळ घेऊन. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी घसा साफ केला. प्रार्थनेच्या वेळी करतात तसाच.

"बाई, ही लढाई आहे. आणि तुम्ही लढवय्या आहात. तुम्ही जी झुंज दिलीत, तिचा शाळेला अभिमान आहे."

"सर, मला भूल दिली होती," मी म्हणाले. "मी झोपले होते."

"त्यालाच हिंमत म्हणतात!" सर म्हणाले.

शिक्षकांपैकी एकीला मी हळूच सांगितलं, की शाळेच्या ग्रंथालयात सगळ्यात वरच्या फळीवर एक जाडजूड इंग्रजी वैद्यकाचं पुस्तक आहे, एका विश्वस्तांनी दिलेलं, ते मला हवंय. ती म्हणाली, "त्यापेक्षा काहीतरी हलकंफुलकं वाचा ना बाई." पण आणून दिलं. माझ्याआधी ते एकदाही कोणी नेलेलं नव्हतं.

सहाव्या दिवशी घरी आले. घर सांभाळायला सायखेड्याहून माझी मोठी नणंद आली होती. आम्ही तिला अक्का म्हणायचो. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, दोन बिघे वांगी आणि झेंडू एकटीच्या जिवावर करणारी बाई. ती आली आणि तासाभरात माझं स्वयंपाकघर तिचं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेथी निवडता निवडता तिने विचारलं,

"वयनी, ते कुठं हाय आता?"

"काय?"

"तेच. काढलेलं."

"लॅबमध्ये आहे. बरणीत."

मेथीची काडी तिच्या हातातच राहिली. "बरणीत? अगं माणसाचं अंग हाय ते. लेकराची नाळ बी आपण पुरतो. दात पडला तरी कौलावर टाकतो. आन हे बरणीत?"

"तपासायला दिलंय, अक्का."

"तपासू दे की. तपासून झालं की माघारी आणायचं आन गंगेत सोडायचं. नाय तर उद्या वर गेल्यावर देव विचारील, बाकीचं कुठं ठेवून आलीस?"

"सांगीन, लॅबमध्ये जमा आहे."

"तू गप. तुला समद्याचीच चेष्टा."

चेष्टा नव्हती तशी. सगळ्या मुलखातून लोक आपली माणसं संपल्यावर गाठोड्यात बांधून रामकुंडावर आणतात, एकरकमी. आम्ही तर गावचेच. मला हप्त्याहप्त्याने सोडायला काय हरकत होती?

अक्काने भावाच्या मागे टुमणं लावलं. हे अक्काला कधी नाही म्हणू शकले नाहीत. लहानपणी तिने यांना कडेवर वागवलंय आणि ते ती विसरू देत नाही. ऑपरेशनच्या नवव्या दिवशी ऑफिसातून दोन तास रजा काढून हे लॅबमध्ये गेले. लेखी अर्ज घेऊन गेले होते, असं मला मागाहून कळलं. लॅबवाल्याने अर्ज वाचला आणि सांगितलं, उरलेला भाग आम्ही महिनाभर ठेवतो, मग विल्हेवाट लावतो, घरी देत नाही. पण आलाच आहात तर रिपोर्ट तयार आहे, घेऊन जा.

हे घरी आले ते तीन तासांनी. अक्का दारातच उभी होती.

"दिलं का रे?"

"नाही देत. नियम नाही."

नियम हा शब्द ऐकला की अक्कासुद्धा गप्प बसते. हे मोरीत गेले आणि पुष्कळ वेळ पाय धूत राहिले.

"रिपोर्टचं काही म्हणाले का?" मी विचारलं.

"अजून नाही आला. मशीन बंद आहे त्यांचं."

कसलं मशीन? रिपोर्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहितात आणि सूक्ष्मदर्शकात बंद पडण्यासारखं फारसं काही नसतं. त्या रात्री जेवताना यांनी मला विचारलं, "उद्या काय खावंसं वाटतं तुला?" लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि हा प्रश्न मी दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला चौथा महिना होता. या वेळी तसं कारण नव्हतं.

अक्काही बदलली. माझ्या फोडणीला, माझ्या पुस्तकांना, माझ्या शहरी भाकरीला ती नाव ठेवायची ते एकदम थांबलं. "तुझी भाकर बी तशी बरीच असती," असं ती म्हणाली तेव्हा मी ते जाड पुस्तक उशाशी ओढलं. सायखेड्याची माणसं टोमणे मारायचं थांबतात ती गोष्ट हाताबाहेर गेल्यावरच.

पुढच्या चार दिवसांत मी त्या पुस्तकातलं एक प्रकरण सात वेळा वाचलं. परीक्षेला बसायचं आहे, तर अभ्यासक्रम माहीत असावा. प्रकरणाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक तक्ता होता: काखेतल्या किती गाठींत रोग सापडला, तर माणूस साधारण किती वर्षं काढतो. तक्ता माझा पाठ झाला. शून्याच्या ओळीत राहणाऱ्या बायका वेगळ्या, एक ते तीनच्या वेगळ्या, आणि खाली अगदी शेवटच्या ओळीतल्या वेगळ्या. पुस्तक जुनं होतं, तेव्हा तक्ता एव्हाना सुधारला असेल अशी आशा मी धरली. आशा धरायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

तेराव्या दिवशी संध्याकाळी मुलगी क्लासला गेली होती. अक्का शेजारणीबरोबर भाजी आणायला. हे ऑफिसातून आले, पिशवी खुंटीला लावली, पण कपडे बदलायला आत गेले नाहीत. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"अगं, एक काम होतं."

"बोला."

"आमच्या ऑफिसातला एक शिपाई आहे. त्याच्या बायकोचा रिपोर्ट आलाय. तिलाही... तुझ्यासारखंच झालंय. तो म्हणाला, तुमच्या मिसेस इंग्रजीच्या बाई आहेत, जरा समजावून द्या."

"कुठला शिपाई?"

"नवीन आहे. पेठकडचा."

"डॉक्टरांनी नाही सांगितलं त्याला?"

"सांगितलं. त्याला कळलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "फार भरभर बोलतात ते."

त्यांनी कागद दिला. वरचा तीन बोटं भाग, जिथे पेशंटचं नाव असतं तो, कापून टाकलेला होता. फाडलेला नव्हे, पट्टी ठेवून, पेन्सिलीने रेघ मारून, कात्रीने सरळ कापलेला. त्याखाली इंग्रजीत होतं: वय चव्वेचाळीस, स्त्री, डावी बाजू. पाठवणाऱ्या सर्जनचं नाव होतं, ते माझ्याच सर्जनचं. मी कागद उलटा केला. मागे कोपऱ्यात पेन्सिलीने यांचं अक्षर: प्राप्त, खाली तारीख, खाली आद्याक्षरांची सही. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर हे तसं लिहितात. लग्नपत्रिकेवर, विजेच्या बिलावर, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर. हाताला वळणच पडलंय. माझं नाव कापायचं त्यांना सुचलं, स्वतःची सही दिसली नाही. तारीख चार दिवसांपूर्वीची होती.

हा माझाच आहे, असं तेव्हा म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. एक तर हा माणूस चार दिवस तो कागद खिशात घेऊन हिंडत होता आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदाच एवढं काहीतरी रचलं होतं. दुसरं, शिपायाच्या बायकोचा म्हणून वाचायला तो मला सोपा गेला.

"पेन्सिल द्या," मी म्हणाले.

मी नेहमी समजावते तसं वरून खाली सुरू केलं. "गाठ साडेचार सेंटिमीटरची होती. म्हणजे लिंबाएवढी."

यांनी खिशातून ऑफिसचं वापरलेलं पाकीट काढलं आणि त्याच्या मागे लिहिलं: लिंबू.

"गाठीची जात वाईट आहे. ग्रेड तीन."

"कितीपैकी?"

"तीनपैकी."

"पैकीच्या पैकी," हे म्हणाले. विनोद नव्हता तो. यांना विनोद करता येत नाही.

"कापलेली कड स्वच्छ आहे. म्हणजे डॉक्टरांनी काम नीट केलंय."

"हे चांगलं ना?"

"डॉक्टरांच्या दृष्टीने चांगलं."

"आणि हे खालचं?"

खालच्या ओळीवर माझी नजर आधीच जाऊन आली होती. वाचण्याचं हे वाईट असतं, डोळे थांबत नाहीत. "काखेत गाठी असतात ना, ते जकात नाके समजा. माल बाहेर जायचा तर तिथून जातो. लॅबवाल्यांनी चौदा नाके तपासले."

"बरं."

"अकरा ठिकाणी माल सापडला."

हे लिहायचे थांबले. "म्हणजे तीन ठिकाणी नाही सापडला."

"नाही."

"मग अकरा ठिकाणी पकडला की."

"पकडला नाही हो. तिथून पुढे गेल्याची खूण आहे ती."

"पुढे कुठे?"

"ते या कागदात नाही."

बाहेर भांडी घेऊन जुने कपडे मागणारी बाई ओरडत गेली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. मग यांनी पाकीट गुडघ्यावर नीट सपाट केलं आणि कागदाकडेच बघत विचारलं,

"त्याला एक विचारायचं होतं. म्हणजे शिपायाला. त्याची मुलगी नववीत आहे. तर तिची बारावी होईपर्यंत...?"

सर्जनसारखंच यांनीही वाक्य मध्येच सोडलं. तक्ता माझ्यापुढे उभा होता, अगदी शेवटची ओळ. अशा वेळी आपण कॉलनीतल्या लोकांना काय सांगत होतो ते मी आठवून पाहिलं. मी त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्याचा मला अभिमानही होता. दुसऱ्याच्या कागदावर खरं बोलायला काही लागत नाही, हे त्या खुर्चीत कळलं.

"दहावी होईल," मी म्हणाले.

"आणि बारावी?"

"बारावी अवघड आहे."

"उपचार करूनसुद्धा?"

"करून म्हणतेय."

यांनी लिहिलं: दहावी - होईल. पुढच्या ओळीवर लिहिलं: बारावी. त्यापुढे रेघ काढली आणि पेनचं टोपण लावलं.

"मग त्याला काय सांगू मी?"

"खरं ते सांगा."

"त्याला सहन होणार नाही."

"मग बायकोला सांगायला सांगा. तिला होईल."

हे उठले. "चहा टाकू का?" म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा चहा टाकायला गेले. पत्ती कुठे असते हे त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं, त्यामुळे बराच वेळ डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. मी तोपर्यंत रडून घेतलं. चहा आला तेव्हा दोघांनीही तो चांगला झालाय असं म्हटलं.

दोन दिवसांनी सर्जनने मला बोलावून हसतमुखाने सांगितलं, "रिपोर्ट तसा ठीक आहे. खबरदारी म्हणून सहा इंजेक्शनं घेऊन टाकू." मी बरं म्हणाले. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

शिपायाची बायको मात्र आमच्या घरी राहिली ती राहिलीच. "शिपायाच्या बायकोला उलट्या होतात का गं?" हे विचारायचे. मी म्हणायचे, परवापासून होतायत. "तिचे केस?" पुढच्या आठवड्यात जातील. अक्काला यांनी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण तीही सायखेड्याहून निरोप धाडायची: त्या शिपायाच्या बायकूला म्हणावं, तांदळाची पेज पी आन वंगाळ वाचू नको. आमच्या संसारात जे कधी बोललो नाही ते आम्ही त्या बाईच्या नावावर बोललो. ती घाबरलेली असते, हे यांना कळलं. आरशाकडे पाठ करून कपडे बदलते, हेही कळलं. तिचा नवरा मोरीत नळ सोडून रडतो, हे मला कळलं. एकदा मी म्हणाले,

"तिला म्हणे तिच्या मयताला भाषणं नको आहेत."

"कोणाची भाषणं?"

"मुख्याध्यापकांची."

"शिपायाच्या बायकोच्या मयताला मुख्याध्यापक कशाला येतील?"

"येतील. त्यांना बोलायला जागा लागते."

यांनी थोडा विचार केला. "बघतो," म्हणाले.

मुलीला आम्ही काही सांगितलं नाही. तीही काही विचारायची नाही. सहा इंजेक्शनं झाली, मुंबईला भावजयीकडे राहून रेडिएशन झालं, रोजची एक गोळी सुरू झाली. मी पुन्हा शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी माझ्या विजयाबद्दल दहा मिनिटं भाषण केलं; उन्हात दोन मुली चक्कर येऊन पडल्या. मुलीची दहावी झाली, चांगली झाली. पेढे वाटताना हे माझ्याकडे बघत नव्हते. आपला अंदाज अर्धा तरी बरोबर आला याचा आनंद मानावा की कसं, मला ठरवता येईना.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर पाठ दुखू लागली. मी ते पेपर तपासण्यावर ढकललं. वर्तमानपत्रांत नव्या सहस्रकाच्या पुरवण्या निघत होत्या, मानवजात कुठे चालली आहे याबद्दल मोठमोठे लेख येत होते, आणि मी रात्री कुशीवर वळताना पलंगाची कड धरायला लागले होते. जानेवारीत कोणाला न सांगता पाठीची तपासणी करून घेतली. रिपोर्ट आणायलाही एकटीच गेले.

खिडकीतल्या माणसाने पावती बघितली. "पेशंट कोण?"

"मीच."

"पेशंटच्या हातात नाही देत, मावशी. घरचं कोणी आलंय का?"

"बहीण आलीय पेशंटची."

"कुठेय?"

"ही काय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मागे लागलेल्या रांगेकडे बघितलं, आणि पाकीट सरकवलं. नातं या रकान्यात मी बहीण लिहून सही केली. बाहेरच्या बाकड्यावर बसून वाचला. अर्धं पान होतं. इंग्रजी सोपं होतं. मणक्यात तीन ठिकाणी आलं होतं.

घरी आले तेव्हा हे वर्तमानपत्र वाचत होते. मी पदर सारखा करून समोर बसले.

"शिपायाच्या बायकोचं कळलं का?"

"काय?" हे म्हणाले. वर्तमानपत्र खाली ठेवलं नव्हतं.

"माल कुठे गेला ते कळलं."

यांनी कागद मागितला नाही. किती, असंही विचारलं नाही. बारावीपुढे ओढलेली ती रेघ त्यांना आठवत असणार. मला आठवत होती. परीक्षेला पाच आठवडे होते. आपण सांगितलेलं बरोबर येऊ नये, असं मास्तरकी करताना मला कधी वाटलं नव्हतं.

आतल्या खोलीतून मुलगी आली. तिच्या हातात कॉलेजातून उतरवून आणलेलं वेळापत्रक होतं. तिने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

पहिला पेपर इंग्रजीचा होता. वेळ अकरा ते दोन.